पाच भटके आणि एक कान

मोतीरामच्या धाकट्या बहिणीचं, गयाबाईचं लग्न झालं ते साल सत्त्याऐंशी. फोटो मोतीरामनंच काढले. नवरदेवाचं डोकं तेवढं राहून गेलं, बाकी सगळं आलं! तरी गुडीहत्नूरच्या हमरस्त्यावरच्या आपल्या फोटोच्या दुकानात बसून तो सांगायचा, "एकदा कॅमेऱ्यातून चेहरा पाह्यला, की जन्मात इसरत नाही आपुन!"

त्याच उन्हाळ्यात हैदराबादच्या एका मासिकानं भटक्या लोकांचे फोटो मागवले. पाच जमातींची पाच माणसं. पहिल्या नंबराचं नाव छापून येणार. मोतीरामनं भर बाजारात सांगून टाकलं, "नाव माहंच येते!"

आणि नशीब बघा! सोमवारी दुकानाच्या दारात फकीर उभा. मंगळवारी पोतराज. बुधवारी गारुडी, गुरुवारी राख फासलेला गोसावी, शुक्रवारी काचा लावलेल्या घागऱ्यातली लमाणी म्हातारी! मोतीरामनं एकेकाला चहा पाजून फोटो काढला आणि शनिवारी पाकीट रजिस्टरनं रवाना केलं.

रविवारी एक किडकिडीत माणूस हात जोडून आला. "मालक, खेळ संपला. बक्षिसी द्या."

"कोन रे तू?"

"नागनाथ बहुरूपी. परवाची लमाणी बुढी मीच. फकीर, पोतराज, सगळे मीच!"

मोतीरामनं खिशातली रजिस्टरची पावती काढून पाहिली. आतून बायको रेणुकाबाई म्हणाली, "मले तं मंगळवारीच समजलं होतं."

"मंग सांगितलं काऊन नाही?"

"चेहरा इसरत नाही म्हनत होते न तुमी!"

महिन्याभरानं फोटो परत आले. सोबतची चिठ्ठी पोस्टमननं दुकानातच मोठ्यानं वाचली: "पाचही जणांचा डावा कान एकाच जागी फाटलेला आहे. आपल्याकडे अशी साथ आहे काय?"

तेव्हापासून मोतीराम दिसला की अख्खा बाजार डावा कान धरायचा!

दिवाळीत नागनाथ पुन्हा आला. "भाऊ, एक फोटो माहा साधा काढा न. बिनसोंगाचा."

"तुह्यावर एकही फिलम वाया घालवनार नाही! चाल, निघ!"

तीन-साडेतीन वर्षांनी नागनाथची बायको तुळजाबाई आली. "भाऊ, हार घालाले मालकाचा फोटो पायजे."

मोतीरामनं खाली मान घालून पाचही फोटो टेबलावर मांडले. सहावा नव्हताच. तिनं बराच वेळ पाहिलं.

"हा द्या, गोसाव्याचा. राख तेवढी पुसता येते का पाहा."

मोतीरामनं पेन्सिल आणि ब्रश घेऊन दोन दिवस खटपट केली. राख काही निघाली नाही. तुळजाबाईच्या पालात अजून हार गोसाव्यालाच आहे. वारला तो नागनाथ बहुरूपी, एक्क्याण्णव सालच्या माघात.