हिराआक्काची बॅटरी

माझं अक्षर किरटं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घही चुकतात. चौथीनंतर वही हातात धरलीच नाही. वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं.

आमच्या विचुंब्याच्या चाळीत कुणाला बाळ झालं की बायका झबलं घेऊन जातात. शेजारची हिराआक्का बॅटरी घेऊन जाते. "आ कर गो बायो," म्हणत बाळाच्या तोंडात उजेड पाडते आणि बोटाला ओलं फडकं गुंडाळून हिरड्या पुसते. आई कुरकुरली तर म्हणते, "शेगडी पुसतेस ना रोज? मग पोरीचं तोंड का नाय?"

एका बारशात आत्याने बाळाला चाटवायला मधात बोट बुडवलं, तर आक्काने ते बोट भर मंडळीत स्वतःच्या पदराला पुसलं. ती आत्या अजून आक्काशी बोलत नाही. एकदा रिक्षात परक्या बाईच्या बाळाने जांभई दिली. "खालचे दोन आलेत. आजपासनं घासायचे," आक्का म्हणाली. घासायचे कसे ते सांगता सांगता स्वतः उतरायचं विसरून पार रोडपालीपर्यंत गेली.

मी मात्र तिला टाळायचे. मी नवीन पनवेलला धुणीभांडी करते. दुपारी माझी चिमी झोपून राहावी म्हणून साखरेच्या दुधाची बाटली तिच्या तोंडात देऊन जायचे. अडीच वर्षांची झाली आणि एक दिवस भाकरी चावेना, नुसती रडायला लागली. आवाज ऐकून आक्का बॅटरी घेऊन आली. तिने चिमीचा वरचा ओठ उचलला. आता ही मला फाडून खाणार, असं वाटलं. पण तिने नुसती बॅटरी विझवली.

"दुधाचेच दात ना आक्का? पडतीलच की."

"पडंपर्यंत जेवायचं कशानं तिनं?"

दातांच्या डॉक्टरांनी एक दात काढला, तीन वाचवले. तीन हजार झाले. माझ्याकडे नव्हते, आक्काने भरले.

मी महिन्याला तीनशे फेडत होते. आक्का आधी चिमीचं तोंड बघायची, मग नोटा घ्यायची. नोटा कधी मोजल्या नाहीत, दात मात्र दर वेळी मोजले.

परवा चिमीला घेऊन शेवटचे तीनशे द्यायला गेले. ती तांदूळ निवडत होती. "फळीवर ठेव," म्हणाली. फळीवर एका लहान मुलीचा फोटो होता. ओठ घट्ट मिटलेले.

"माझी सुमी," आक्का सुपातून मान वर न करता म्हणाली. "फोटोवाला हस हस करत व्हता. मीच दटावली, तोंड मीट, काळे दात दिसतात. पुढं तापात गेली. हसतानाचा एक पण फोटो नाय माझ्याकडं."

चिमी आक्कापुढे जाऊन उभी राहिली आणि न सांगताच तिने आ केला. आक्का बॅटरी चाचपत राहिली. बॅटरी तिच्या मांडीवरच होती.

मी नोटा फोटोपाशी ठेवल्या. तीन हजार पुरे फिटले.