सोमाण्णाच्या पाठीचा निवाडा

सोमाण्णा कुठल्याही वाहनात आधी आडवा व्हायचा. होडी असो, बैलगाडी असो, नाहीतर जंगल खात्याच्या साहेबाचा टांगा असो, फळ्यांवर उताणं पडून डोळे मिटणं हे त्याचं पहिलं काम. टांग्यात त्याचे पाय बाहेर लोंबत होते आणि साहेबाचा घोडा वळून वळून बघत होता.

"बसनाऱ्याला काय कळतंय?" तो म्हणायचा. "पाठीला इचारा. पाठ खोटं बोलत न्हाई."

मी खानापूरकडचा. गुंद गावापासून दोन कोसांवर, काळी नदीच्या काठच्या लाकडाच्या डेपोत कारकून होतो. सोमाण्णा तिथला नावाडी. पन्नाशीचा, काटक, आणि होडीचं बूड सोडून दुसऱ्या विषयावर दोन वाक्यं न बोलणारा. माझं लग्न ठरल्याचं सांगितलं तेव्हा त्यानं एवढंच विचारलं, "वरात कशातनं?" बैलगाडीतनं म्हटल्यावर तो खरोखर हळहळला.

जेवायला बसलो की माझ्याच भातात आमटी ओतून तो लाटा करायचा आणि बोटानं होडी चालवायचा. "सपाट बूड उथळात शहानं, लाटंत येडं. धपाधप आपटतंय. गोल बुडाची डोण आपटत न्हाई, पन झोके देती. धारेचं बूड सुरीगत लाट कापत जातंय. उभी ऱ्हायली की जरा डुलती, तेवढं चालायचंच." हे पटेपर्यंत माझा भात गार झालेला असायचा.

अशात लाकडाच्या शेटनं दोन इंजिनाच्या होड्या मागवल्या. आम्ही तोवर रस्त्यावरची मोटारसुद्धा धड पाहिली नव्हती. बैलगाड्यांवर लादून त्या कारवारहून घाट चढून आल्या. एक सपाट बुडाची, ऐसपैस. दुसरी धारेच्या बुडाची, अरुंद. शेट एकच ठेवणार होता. तिनं ओंडके ओढायचे आणि मधल्या वेळी गावकऱ्यांना ने-आण करायची. नदीची नस सोमाण्णाला ठाऊक, म्हणून निवड त्याच्यावर सोपवली.

गावाचा कौल सपाट होडीला होता. तिच्यात भाताची पोती मावत, म्हशीसुद्धा मावत. सोमाण्णानं मात्र जेवण सोडलं. मी थट्टेनं विचारलं, "होडी तुला आंदण मिळणार आहे काय?"

"घरात शेवंती हाय न्हवं, सायेब," तो म्हणाला.

शेवंताक्का त्याची बायको. नऊ वर्षांपूर्वी शेत राखायच्या माळ्यावरून पडली, ती अंथरुणालाच खिळली. जरा हादरा बसला की तिची शुद्ध जायची. माहेर नदीनं खाली, खडकाळ धावेच्या, म्हणजे खडकांतून उसळत पळणाऱ्या पाण्याच्या, पलीकडं. एकदा डोलीतनं न्यायला निघाले, तर पहिल्या उतारावरनंच परत आणावी लागली.

"म्हातारी सासू आता थकलीया. दसऱ्याच्या आत मायलेकींची गाठ घालायची हाय. ही होडी चुकली तर दुसरी कवा यायची?"

नऊ वर्षं हा माणूस बायकोच्या जागी स्वतःची पाठ टाकून बघत होता, आणि मी त्या पाठीवर विनोद करत होतो. मला फार लाज वाटली.

परीक्षेच्या दिवशी काळी दुथडी वाहत होती. धावेत कमरेएवढ्या लाटा उसळत होत्या. इंजिनावर शेटचा माणूस बसला आणि सोमाण्णा आधी सपाट होडीत आडवा झाला. तिचं आपटणं काठावर ऐकू येत होतं. परत आला तेव्हा त्याची शेंडी सुटली होती आणि जीभ चावली गेली होती. "हाडं हायत का बगा सगळी," एवढंच तो बोलला.

मग धारेची होडी धावेत जाऊन आली. काठाला लागली तरी सोमाण्णा उठेना. आम्ही घाबरून धावलो. तो चक्क घोरत होता.

शेटनं तिथल्या तिथं निकाल दिला. एक म्हैसवाला कुरकुरला, "आमच्या म्हशीला कुठं झोपायचं हाय?" पण त्याचं कोणी ऐकलं नाही. ते घोरणं खरं होतं की नाही, हे मी सोमाण्णाला कधी विचारलं नाही.

दसऱ्याच्या चार दिवस आधी, भरदुपारी, पेंढ्यावर वाकळ घालून शेवंताक्काला होडीत निजवलं. मीही सोबत गेलो. धाव आली. होडीनं लाटा कापल्या खऱ्या, पण एवढ्या पाण्यात ती अगदीच कशी न हादरणार? माझे दात दोनदा आपटले. शेवंताक्का मात्र डोळे उघडे ठेवून काठची झाडं बघत होती. सोमाण्णा तिला चिकटून बसला होता आणि पहिल्यांदाच बुडाबद्दल काही बोलत नव्हता.

पलीकडं म्हातारी गुडघाभर पाण्यात येऊन उभी होती. दोघींनी एकमेकींचे चेहरे चाचपले. मला बघवेना. मग शेवंताक्का नवऱ्याला म्हणाली, "होडी बरी निवडलीसा. कुठं म्हनून हादरा लागला न्हाई."

"व्हय. धारेचं बूड हाय," सोमाण्णा म्हणाला.

तिला उचलून नेल्यावर त्यानं मला वाकळ गोळा करायला सांगितलं. मी म्हटलं, तूच कर की. तेव्हा त्याचा उजवा हात दिसला. सबंध वाट तो हात तिच्या कण्याखाली, वाकळ आणि फळी यांच्यामध्ये होता. बोटं सुजून काळीनिळी झाली होती आणि मूठ मिटत नव्हती.

"तिला सांगू नगासा," तो म्हणाला. "परतीला डावा हाय."