इस्माईलभाईंच्या जागा

"लोकेशन पाठवा" म्हटलं की इस्माईलभाईंचं डोकं फिरतं. अबुधाबीजवळच्या मुसफ्फामधल्या आमच्या वर्कशॉपमध्ये स्टोअर सांभाळणारा हा रत्नागिरीकडचा माणूस एरवी मेणाहून मऊ. पण दुबईतल्या त्यांच्या लाडक्या जागांपैकी एखादीचं लोकेशन मागा, की संपलं! "जागा पाठवायची नसते," ते म्हणतात, "न्यायची असते." माझी मुलगी म्हणते, "बाबा, ही कॅन जस्ट ड्रॉप अ पिन!" तिला काय कळणार, डोंबल.

मला त्यांनी एका रविवारी नेलं. दोन बस बदलून बर दुबई गाठलं. मग मीना बाझारच्या कापडगल्ल्यांतून "यल्ला, यल्ला, चला लवकर" करत अशी काही वळणं घेतली, की मी दिशाच विसरलो. अर्ध्या तासाने बघतो तर समोर पुन्हा तोच बसस्टॉप! जागा तिथून बारा पावलांवर होती. "सरळ आणलं असतं तर तुम्हाला किंमत कळली नसती, भाऊ," म्हणाले. घाम पुसता पुसता मी मनातल्या मनात त्यांचा चांगलाच उद्धार केला.

पण जागा मात्र जागा होती, खोटं कशाला बोलू? दोन दुकानांमधली अरुंद बोळ, तिच्या टोकाला खाडीच्या पाण्याकडे उतरणाऱ्या तीन पायऱ्या. उन्हं कलली होती. समोरच्या काठावरून वारा येत होता, अब्रा, म्हणजे त्या लाकडी होड्या, फटफट करत ये-जा करत होत्या आणि पाणी पायरीला टेकून हळूच मागे सरत होतं. थोड्या वेळाने आपण इथे नोकरीला आलोय हेच मी विसरलो.

अशा त्यांच्या पाच-सहा जागा. एक बाक असा, की तिन्हीसांजेला तिथून समोरचे दिवे एकेक करून पाण्यात उतरताना दिसतात. एक कापडाचं दुकान, तिथे नुसते तागे उलगडताना बघत बसायचं, घ्यायचं काही नाही. आणि सगळ्यांत लाडका कोयाचाचांचा कॅफेटेरिया. चार टेबलं, एक केरळी म्हातारा आणि वेलचीचा कडक चहा. "इथे दिरहमचे रुपये करायचे नाहीत, हबीबी. चहा बेचव होतो." मी मनात केलेच होते, त्यामुळे झाला.

इथे व्हॉट्सअ‍ॅपवरून फोन लागत नाही, म्हणून आमचे आखाती संसार व्हॉइस नोटवर चालतात. गावी असलेल्या रुकय्याभाभींना इस्माईलभाई दर रविवारी सगळ्या जागा बोलून दाखवायचे. "रुकय्या, आता कोयाचाचांकडे बसलोय. त्यांची कंबर बरी आहे. तुझी चौकशी करत होते." सव्वीस वर्षं भाभींना इथे येणं जमलं नव्हतं. आधी सासू-सासऱ्यांचं दुखणं, मग मुलांच्या शाळा.

यंदा भाई रिटायर होणार, त्याआधी भाभी व्हिजिट व्हिसावर पंधरा दिवस येणार असं ठरलं. मी मुबारक म्हणायला गेलो, तर भाई खोक्यावर डोकं धरून बसलेले.

"घोटाळा झालाय, भाऊ. ती म्हणते, आधी कोयाचाचांकडे न्या. त्यांच्या कमरेसाठी तेल आणतेय."

"मग न्या की!"

"कॅफेटेरिया बंद होऊन दोन वर्षं झाली. चाचा केरळला गेले. माझेही गुडघे गेले, बस झेपेना. खोलीवरूनच सांगत राहिलो. चाचांची कंबर मीच बरी करायचो, मीच बिघडवायचो."

मला हसू फुटलं. पण त्यांना हसू येत नव्हतं. "तिला वाटेल, माणूस हे खोटं बोलला, तर सव्वीस वर्षांत आणखी काय काय खोटं असेल?"

मीच दोघांना गाडीतून नेलं. भाभींच्या मांडीवर तेलाची बाटली, आणि भाईंची नजर रस्ताभर त्या बाटलीवर. कॅफेटेरियाच्या जागी मोबाईलच्या कव्हरांचं दुकान होतं.

"रुकय्या, ते असं झालं..."

"माहीत आहे मला."

भाईंनी माझ्याकडे रागाने पाहिलं. मी कानांवर हात ठेवले.

"त्यांच्याकडे काय बघताय? तुम्हीच सांगितलंत. आधी व्हॉइस नोटमध्ये तुमच्या मागे कपबश्या वाजायच्या, माणसं बोलायची. दोन वर्षं नुसता एसी घरघरतोय. खोलीत एकटे बसून बोलता, ते कळत नाही होय मला?"

"मग हे तेल?"

"तुमच्या गुडघ्यांना. पलंगावरून उठताना 'या अल्ला' म्हणता, तेही येतं त्यात."

भाई कसंबसं म्हणाले, "मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही सांगायचं थांबला असता," भाभी म्हणाल्या. "मग दर रविवारी मी कुठे गेले असते?"

इस्माईलभाईंनी तोंड फिरवलं आणि ते बराच वेळ मोबाईलची कव्हरं बघत उभे राहिले.