सोफ्यावरची शर्यत

ऑफिसच्या रिले शर्यतीचा दिवस जवळ आला तसे गोदाम सांभाळणारे भाऊसाहेब कॅलेंडरकडे बघायचं टाळू लागले. गेल्या वर्षी गोदामाच्या संघाकडून शेवटचा टप्पा पळताना वळणावर ते चक्क पहिले होते. तेवढ्यात प्रेक्षकांतून बायकोने काळजीने हाक मारली, "अहो, लेस सुटलीय." भाऊसाहेब थांबले, वाकले. लेस खरोखरच सुटली होती. ती बांधून होईपर्यंत बाकीचे तिघे घरी जायच्या तयारीत होते. तेव्हापासून ऑफिसात सगळे त्यांना 'लेस' म्हणत, आणि यंदाही हरले तर ते नाव निवृत्तीच्या निरोपसमारंभापर्यंत चिकटणार होतं.

मुलगी शाळेच्या संघातली धावपटू. ती म्हणाली, "बाबा, तुमचे पाय चांगलेत, मन कच्चं आहे. डोळे मिटा आणि शर्यत मनात पळा. आईने घरात कधीही हाक मारली की समजा वळण आलं. थांबायचं नाही, उलट वेग वाढवायचा."

भाऊसाहेब रोज सोफ्यावर बसून पळू लागले. घाम फुटायचा, छाती धडधडायची. "अहो, दूध बघा," ऐकलं की ते डोळे आणखी घट्ट मिटून घेत. दूध उतू गेलं. "अहो, नळ बंद करा." पाणी हॉलमध्ये आलं. "अहो, आई आलीय, दार उघडा." सासूबाई जिन्यात ताटकळून आल्या पावली परत गेल्या.

मग बायकोने अबोलाच धरला. "सांग तुझ्या बाबांना," ती मुलीला म्हणाली, "यापुढे मी हाक मारणार नाही."

शर्यतीत भाऊसाहेब वळणापर्यंत पुन्हा पहिले होते. पण वळण आलं तरी हाक येईना. हाकेशिवाय पुढे कसं पळायचं, याचा सरावच नव्हता. त्यांचा वेग मंदावला. वसुलीवाले पुढे गेले, टपालवाले गेले, हिशेबवालेही गेले.

"आई, हाक मार ना."

"मी बोलत नाहीये त्यांच्याशी."

"मग परत वर्षभर लेस."

बायकोने मैदानाकडे पाहिलं. नवरा केविलवाण्या चेहऱ्याने तिलाच शोधत होता. तिला राहवेना. ती उठली आणि तिने सगळं मैदान दणाणून सोडलं, "अहोऽऽ!"

पुढचे तिघेही संसारी पुरुष. तिघेही जागच्या जागी थांबले आणि "काय गं?" म्हणत गर्दीत आपापली बायको शोधू लागले. त्यांच्या मधून भाऊसाहेब सुसाट निघाले आणि फीत छातीवर घेऊन गेले.

"अहो, जिंकलात," बायको आनंदाने ओरडली. "अहो, थांबा आता. अहो, झालं ना."

मुलीने कपाळाला हात लावला. भाऊसाहेब एव्हाना फाटकातून बाहेर पडून मोठ्या रस्त्याला लागले होते.