हकीकत ब्रेकपॅडांच्या तैलाभिषेकाची

श्रीविघ्नहर्ता सन्निध असो, कुळस्वामी पाठीशी असो, आणि जो हे वाचील त्याच्या गाडीचे ब्रेक शाबूत असोत. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, माघ वद्य तृतीया, ते दिवशी घाटमाथ्यावरील एका राज्यात जे वर्तमान घडले ते सेवकाने जैसे पाहिले तैसे लिहिले. राज्याचे नाव लिहीत नाही, लिहिल्यास सोसायटीच्या सभेत जाब द्यावा लागतो. राज्य टेकडीच्या उतारावर वसलेले, तीन इमारती, एक पाण्याची टाकी, उताराच्या पायथ्याशी महाद्वार, आणि महाद्वाराबाहेर लागलाच घाटाकडे जाणारा हमरस्ता, ऐसा मुलूख. तेथे राजश्री सदानंदराव खामकर म्हणोन मातब्बर सरदार, सरकारी चाकरीतून मानाने निवृत्त होऊन नांदत होते, आणि पदरी एक जुनी चारचाकी, वृद्ध मातुश्री अनसूयाबाई, आणि कुटुंब मंदाकिनीबाईसाहेब. बाईसाहेबांची एकुलती कन्या वृंदा घाटाखाली सासरी, तीस सातवा महिना सरत आलेला, बाळंतपणास माहेरी आणावयाची, आणि दुसरे दिवशी सकाळचा मुहूर्त धरलेला. परंतु बाईसाहेबांचे चित्त ठिकाणी नव्हते, कारण त्या गाडीचा ब्रेक दाबताच पुढच्या चाकांतून ऐसी किंकाळी उठे की रस्त्यावरची कुत्री आपण होऊन वाट सोडीत.

तेव्हां बाईसाहेबांनी आर्जव केले, "अहो, आजच्या आज गॅरेजला टाका ना गाडी. उद्या घाट उतरायचाय, आणि परत येताना वृंदा असेल, अवघडलेली." यावर सरदार हसले आणि वदले, "गॅरेजवाले सगळे चोर. जुने पॅड काढायचे, नवे घालायचे, ह्यात कसलं आलंय शास्त्र?" आणि मग झोपाळ्यावर बसून त्यांनी तळहातीचा मोबाइल काढिला, त्यात कोणी परदेशी गृहस्थ पांढरा सदरा घालून, शीळ वाजवीत, ब्रेकपॅड बदलीत होता, आणि त्याच्या सदऱ्यास डागही लागत नव्हता. ते पाहून सरदारांचे बाहू स्फुरण पावले आणि मोहीम मुक्रर जाहली. गृहस्थ शेवटास काही सावधगिरीच्या गोष्टी सांगू लागला, तेव्हां "समजलं, समजलं" ऐसे म्हणोन सरदारांनी तो मध्येच बंद केला. मग मसलतीस राज्याचे चिटणीस प्रभाकरपंत तळवलकर आले. या पंतांस सर्व विद्या मुखोद्गत, हाती मात्र एकही नाही, आणि म्हणोनच राज्यात त्यांच्या शब्दावाचून पान हालत नसे.

बाजारातून नवे पॅड आणवून दोन प्रहरी रण मांडिले. सरदारांनी जॅक लावून गाडीचे तोंड उचलिले, चाक अधांतरी केले, आणि मग पाना घेऊन नटांवर चालून गेले. परंतु पाना फिरविता चाकही फिरे, पाना उलटा फिरविता चाकही उलटे फिरे, ऐसे कितीएक वेळ चालिले आणि नट जेथचे तेथे. पंतांनी चष्मा सावरून निदान केले, "खामकर, हे डाव्या आट्याचे नट दिसतात. उलटे फिरवा." उलटे तर आधीच फिरवून झाले होते, तरी पुन्हा फिरविले, आणि चाक पुन्हा फिरले. सज्ज्यातून बाईसाहेब पाहात होत्या, त्यांस राहवले नाही. "अहो, चाक खाली टेकवा आधी, तेच फिरतंय. नट सैल झाले की मग उचला." सरदारांनी जॅक उतरविला. मग पंत वदले, "मी तेच म्हणणार होतो."

असो. चाक निघाले, पॅड धरणारा चिमटा, म्हणजे कॅलिपर, उघडला, आणि मग नव्या जाड पॅडांस जागा व्हावी म्हणोन सरदारांनी पॅडांस दाबणारा आतील पिस्टन मोठ्या हिकमतीने मागे रेटला, हात काळे, सदरा काळा, नाकही काळे, आणि जुने पॅड बाहेर आले. ते झिजून झिजून कागदासारखे पातळ, नुसते लोखंड उरलेले. बाईसाहेब खाली आल्या होत्या, त्यांनी तो तुकडा हाती घेऊन उजेडात धरिला. "ह्याच्यावर आपण मागच्या महिन्यात वृंदाला डॉक्टरांकडे नेऊन आणलं?" इतकेच बोलल्या. याचे उत्तर सरदारांनी मिशीवर ताव देऊन दिले.

मग नवे पॅड खोक्यातून काढून कपड्यावर मांडिले, तों मातुश्री तबक घेऊन अवतरल्या. "सदा, थांब. कोरं लोखंड तसंच चढवायचं नाही. घरात पाटा आणला, विळी आणली, तरी तेल-हळद लावल्याशिवाय मी हात लावू देत नाही कुणाला." ऐसे बोलून त्यांनी एकेक पॅड हाती घेऊन त्यास गोडेतेल चोळिले, ज्या अंगाने तो चाकाची तबकडी धरितो त्याच अंगावर चोळिले, वर हळद, वर कुंकू, वर अक्षता, जणू नवऱ्या मुलासच न्हाऊ घालीत होत्या. सरदार किंचित चपापले, कारण त्या परदेशी गृहस्थाने तेलाविषयी काही म्हटल्याचे त्यांस अंधुक स्मरत होते. परंतु आईपुढे बोलावे तर धर्म बुडतो, आणि परदेशी मनुष्यास आपल्या चालीरीती काय ठाऊक, ऐसा विचार करोन ते गप्प राहिले. पंतांनी तर शास्त्राधारच दिला. "उत्तम झालं! दाराची बिजागरी कुरकुरली की तेलच घालतो ना आपण? किंकाळी जाईल बघा."

"अहो, बिजागरी फिरायची वस्तू," बाईसाहेब बोलल्या, "ही थांबवायची. हिला तेल कशाला?"

"सूनबाई," मातुश्री वदल्या, "माझ्या सासऱ्यांची बैलगाडी होती. चाकाला वंगण नसतं तर चाललीच नसती."

"चालायचं नाहीये सासूबाई, थांबायचंय."

यावर सरदार व पंत खदखदा हसले, आणि पंतांनी "वहिनी, तुम्ही चहाचं बघा" ऐसा प्रेमळ हुकूम सोडिला. बाईसाहेबांनी चहाचे पाहिले नाही. तेथेच उभ्या राहिल्या, राग गिळीत.

दोन्ही चाकांस अभिषिक्त पॅड चढले, चाके बसली, तों राज्यात बातमी पसरली आणि प्रजा गोळा जाहली. येथे सांगावयाचे म्हणजे, काम तपासण्याआधी त्याचा सत्कार करावा, ही त्या राज्याची पूर्वापार चाल. लिफ्टेचे उद्घाटन लिफ्ट येण्यापूर्वी जाहले होते, नळाचे पाणी येण्यापूर्वी. तदनुसार गाडीच्या तोंडावर झेंडूची माळ चढविली, नारळ फोडिला, पेढे वाटिले, आणि पंतांनी आत्मनिर्भरतेवर भाषण केले. सरदार गहिवरून वदले, "उद्या ह्याच गाडीतून लेकीला आणणार." तेव्हां बाईसाहेब पुढे जाहल्या आणि सर्वांदेखत बोलल्या, "आधी उतारावर चालवून बघायची. मी शेजारी बसते. मला घेऊन थांबली नाही, तर माझी मुलगी हिच्यात पाय ठेवणार नाही." सरदारांस अपमान वाटला, परंतु इतक्या लोकांत नाही कसे म्हणावे. मग पंतांनी मानवंदना म्हणोन महाद्वार सताड उघडविले, आणि स्वारी निघाली.

गाडी उतारास लागली, वेग घेतला, आणि सरदारांनी ऐटीत ब्रेकवर पाय ठेविला, तों पाय थेट तळास गेला, जैसा लोण्यात जावा. मागे रेटलेला पिस्टन पुढे यावयास गाडी हालविण्याआधी ब्रेक चारदोन वेळ दाबावा लागतो, हे त्या परदेशी गृहस्थाने शेवटासच सांगितले होते. सरदारांनी पुन्हा दाबिला, पुन्हा दाबिला, तेव्हां पॅडांनी चाके धरिली खरी, परंतु तेल प्यालेले पॅड ते, धरिले आणि सोडिले, आणि किंकाळी मात्र खरोखरच गेली होती, गाडी मुकाट्याने महाद्वाराकडे धावत होती.

"ब्रेक लावा! अहो, ब्रेक!"

"लावलाय गं! लावलाय!"

बाहेर हमरस्त्यावरून वाळूचा ट्रक भरधाव येत होता. सरदारांनी डोळे मिटून कुळस्वामीचे नाव घेतले. बाईसाहेबांनी कोणाचेच नाव घेतले नाही. त्यांनी दोन्ही हातांनी हँडब्रेक धरिला आणि होती नव्हती तेवढी ताकद लावून वर ओढिला. मागची चाके करकचून आवळली, गाडी तिरपी जाहली, घसरली, आणि तोंड महाद्वाराबाहेर काढून उभी राहिली. ट्रक भोंगा वाजवीत पुढून गेला आणि जाता जाता झेंडूची माळ तेवढी घेऊन गेला.

प्रजेस वाटले, हाच प्रयोग. टाळ्यांचा कडकडाट जाहला, आणि पंत धावत येऊन ओरडले, "वा खामकर! काय कंट्रोल आहे!" सरदारांचा चेहरा पिठासारखा पांढरा, परंतु सवयीने त्यांनी खिडकीतून हात हालविला. बाईसाहेबांनी किल्ली काढून पदराच्या गाठीस बांधिली आणि खाली उतरल्या.

"गाडी गॅरेजला जाईल. मी पहाटेच्या एस.टी.नं वृंदाकडे जाते. येताना तिथूनच भाड्याची गाडी करीन."

"अगं पण, लेकीला भाड्याच्या गाडीतून? लोक काय म्हणतील?"

"ते तुम्ही ऐकत बसा. मी पोर घेऊन येते."

आणि तैसेच जाहले. बाईसाहेब घाट उतरल्या, कन्येस शेजारी बसवून, सबंध वाट तिचा हात हाती धरून घाट चढल्या, आणि तिन्हीसांजेच्या आत उंबऱ्यावर भाकरतुकडा ओवाळून तीस घरात घेतले. त्याच सुमारास महाद्वारी पंतांच्या हस्ताक्षरात फळा लागला होता, "प्रसंगावधान राखून गाडी थांबविल्याबद्दल श्री. सदानंदराव खामकर यांचे हार्दिक अभिनंदन." सरदार तो चष्मा लावून दोनदा वाचून आले.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. कन्या सुखरूप घरी पोहोचली. जयजयकार सरदारांचा जाहला, मनगट बाईसाहेबांचे सुजले.