टाकीवरच्या कॅमेऱ्याचा पत्ता

विरूपाक्षआप्पांनी पाण्याच्या टाकीवर कॅमेरा बसवला आणि त्यांच्या बायकोची, दानम्माची, पंचाईत झाली. लातूरचे नळ कोरडे, टँकर येईल तेव्हा खरा. अशात ती रोज दुपारी, नवरा दुकानात असताना, शेजारच्या सरजाबाईला गुपचूप एक घागर द्यायची. सरजाबाईची सून बाळंतीण. तान्ह्या लेकराला अंघोळ नको? पण आप्पा पाण्याच्या बाबतीत महाचिक्कट. कळलं तर टाकीला कुलूपच लागायचं!

नशीब, कॅमेरा वायफायला जोडला गेला तरी त्याचा पत्ता आप्पांना सापडेना.

"वायफायवरच्या दरेक वस्तूला आकड्यांचा पत्ता असतो," आप्पा म्हणाले. "तो टाकल्याबिगर चित्र न्हाई. तवर हे आंधळंच हाय."

"मग ऱ्हाऊ द्या की आंधळं!"

"अन् पाणी कुठं चाललंय ते कसं कळावं?"

राउटरच्या, म्हणजे वायफायच्या डबीच्या, यादीत चारच पत्ते होते; त्यांतला कॅमेऱ्याचा कोणता, ते आप्पा संध्याकाळी शोधणार होते. दानम्माने काय करावं? पीठ दळायच्या निमित्ताने गल्लीभर फिरून वायफायचा पासवर्ड वाटून आली! संध्याकाळी आप्पांनी कपाळाला हात लावला.

"सकाळी चार, आता अकरा! टाकी आटायलीय अन् यादी वाढायलीय!"

दुसऱ्या दिवशी त्यांनी गल्लीच अंगणात गोळा केली. "एकेकानं मोबाइल बंद करा." एकेक फोन बंद झाला, एकेक पत्ता गळाला. सरजाबाईनेही बंद केला. आप्पांच्या मोबाइलशिवाय एकच पत्ता उरला.

दानम्माला राहवलं नाही. "थांबा! पाणी म्याच देते, सरजाबाईला. लेकरासाठी. काय करायचं ते करा!"

पण तोवर त्या पत्त्यावर आप्पांचं बोट पडलं होतं. कॅमेरा कसला आंधळा? त्याने कालपासूनचं सगळं आत साठवून ठेवलं होतं. पडद्यावर पहाट उजाडली. टॉवेल गुंडाळलेले आप्पा घागर घेऊन सरजाबाईच्या दाराकडे निघाले होते.

"अगंबाई! तुमी तर पहाटे पूजेला बसता ना?"

"म्या एकच देत व्हतो," आप्पा पुटपुटले. "दोन कशा कमी व्हतेत, म्हणून तर ह्ये आणलं!"

सगळ्यांनी सरजाबाईकडे पाहिलं.

"म्या काय करू? दोघांनीबी लेकराची आण घातली, दुसऱ्याला सांगू नको म्हणून!"

गल्ली खो खो हसली. आप्पा मान वर करेनात. इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्याबद्दल एवढी माया दानम्माला कधी वाटली नव्हती.

"बंद करा ते," ती डोळे पुसत म्हणाली, "अन् घागर उचला. दुपारची राहिली हाय."