सात रात्री, सात दिवस

राजाभाऊ मुळ्ये सकाळी दारात आलेला गॅसचा सिलिंडर वजनकाट्यावर ठेवून बघत होते, तेवढ्यात आतून लीलाताईंचा आवाज आला, "अहो, ऐकलंत का? आपल्याला बक्षीस लागलंय!"

"कोणी लावलं?" काट्यावरची नजर न काढता राजाभाऊंनी विचारलं.

बक्षीस आपोआप लागतं यावर त्यांचा विश्वास नव्हता. ते कोणीतरी लावतो आणि त्यात त्याचा काहीतरी डाव असतो. एकतीस वर्षं वजनमाप खात्यात निरीक्षक म्हणून काढल्यावर माणूस दुसरं काय शिकणार? रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या मासळीबाजारात पारड्याखाली चिकटवलेलं लोहचुंबक त्यांनी नुसत्या बोटाने शोधलं होतं. आता निवृत्तीनंतर पकडायला कोणी उरलं नव्हतं, म्हणून शेजारचे नझीरभाई प्रेमाने आंबे पाठवायचे तेही ते मोजून घेत. "बाराच आहेत," असं जरा नाराजीनेच सांगत.

या स्वभावापायी मुळ्यांच्या घरातून कधी कोणी सहलीला गेलं नव्हतं. लीलाताईंना एकदा बर्फ बघायचा होता. पण सहलवाल्याने मध्येच सोडून दिलं तर? हॉटेलातल्या चादरी धुतलेल्या आहेत कशावरून? असं करता करता छत्तीस वर्षं गेली. फार लांब म्हणजे ती दोघं एकदा कोल्हापूरला गेली होती, आणि त्याच संध्याकाळी परत आली होती.

लीलाताईंनी गेल्या महिन्यात एका प्रदर्शनात कुपन भरून पेटीत टाकलं होतं. त्यावर 'वर्षातून किती वेळा सहलीला जाता?' असा प्रश्न होता. त्यांनी लिहिलं होतं, 'अजून नाही.' त्याच कुपनावर आता फुरसतधाम हॉलिडे क्लबातून फोन आला होता. रविवारी अकरा वाजता नवराबायकोने मिळून हॉटेलच्या हॉलमध्ये यायचं, तासभर माहिती ऐकायची आणि भेटवस्तू घेऊन जायचं.

"जाऊ या," राजाभाऊ म्हणाले.

लीलाताई बघतच राहिल्या. "खरंच?"

"फसायला नव्हे गो. कसे फसवतात ते बघायला."

रविवारी हॉलमध्ये फुगे, गाणी आणि गोल टेबलं होती. कोणी सही केली की घंटा वाजे आणि सगळे टाळ्या वाजवत. टाळ्या वाजवणारे भाड्याचे आहेत, हे राजाभाऊंनी पहिल्या मिनिटात ओळखलं. शेजारच्याच टेबलावर नझीरभाई आणि त्यांची बायको रझिया बसली होती. नझीरभाईंनी आयुष्य जहाजावर काढलं होतं आणि जगातल्या प्रत्येक माणसावर त्यांचा विश्वास होता.

"तुमालापण लागला काय बक्षीस?" त्यांनी आनंदाने हात हलवला.

'हा आज लुटला जाणार,' असं राजाभाऊंनी मनात म्हटलं आणि ते समोरच्या मुलीकडे वळले. तिचं नाव मनस्विनी.

"काका, एकदाच पैसे भरायचे. मग पंचवीस वर्षं, दरवर्षी एक आठवडा, देशभरातल्या आमच्या कुठल्याही रिसॉर्टमध्ये राहायचं. महाबळेश्वर, उटी, मनाली..."

"मनालीत बर्फ असतो ना गो?" लीलाताईंनी विचारलं.

"थांब. आठवडा म्हणजे किती?" राजाभाऊ म्हणाले.

"सात रात्री, सहा दिवस."

"बघ! एक दिवस मारला!"

"काका, मी देवरूखची आहे हो. आपल्या माणसांना कशाला फसवू?"

"देवरूखातसुद्धा मी तीन काटे जप्त केलेत."

दोन तास राजाभाऊ प्रश्न विचारत होते आणि मुलगी घाम पुसत होती. शेवटी टाय लावलेला मॅनेजर सलिल आला. राजाभाऊ विजयी मुद्रेने म्हणाले, "आम्हाला घ्यायचं नाहीये."

सलिलने शांतपणे फाइल मिटली. "बरोबर आहे, काका. ही स्कीम तुमच्यासारख्या जाणकार माणसासाठी नाहीच. मनस्विनी, काकांना डायमंड दाखवली नाहीस ना?"

"नाही, सर."

"बरं केलंस. चला काका, भेटवस्तू घ्या."

राजाभाऊ उठले होते, ते परत बसले. "डायमंड काय आहे?"

"काही नाही, काका. ती सगळ्यांसाठी नसते."

"मग कोणासाठी असते?"

"जाऊ द्या ना."

आता मात्र राजाभाऊंचा संशय खराखुरा पेटला. चांगला माल आत ठेवून गिऱ्हाइकाला दुसराच दाखवायचा, ही युक्ती त्यांनी बाजारात शंभरदा पकडली होती. अर्धा तास हुज्जत घालून त्यांनी डायमंडचे कागद बाहेर काढायला लावले. तीन लाखांची किंमत एक लाख पंच्याऐंशी हजारांवर आणली. मग खिशातलं भिंग काढून ते करार वाचायला बसले. करार एकोणीस पानांचा होता आणि पहिल्याच पानावर त्यांना ते 'सहा दिवस' सापडले. एकदा चूक सापडली की पुढचं वाचायची भूक राहत नाही.

"इथे सात दिवस करा. हाताने. आणि सही करा."

सलिलने फार मोठा तोटा सोसल्यासारखा चेहरा करून 'सहा'चे 'सात' केले. राजाभाऊंनी बचत खात्याचा चेक लिहिला. कुपन लीलाताईंचं असल्यामुळे मुख्य सभासद म्हणून त्यांचं नाव लागलं. घंटा वाजली. टाळ्या झाल्या. या खेपेला त्या राजाभाऊंना अगदी मनापासूनच्या वाटल्या.

"एक दिवस जास्तीचा काढला," स्कूटरवर बसताना ते म्हणाले. लीलाताई मागे बसून मनातल्या मनात लोकरीचे कपडे विकत घेत होत्या.

संध्याकाळी नझीरभाई कॅसरोलचा डबा दाखवायला आले.

"तुम्ही किती भरले?" राजाभाऊंनी कीव करत विचारलं.

"कसले? मी म्हटलं, मला काय समजलं नाय, परत सांगा. तीन वेळा सांगितलानी. मग कंटाळले आणि डबा देऊन सोडलानी. फार भली माणसं हो."

राजाभाऊंना त्या रात्री जेवण गेलं नाही.

पंधरा दिवसांनी क्लबाचं स्वागतपत्र आलं. सोबत वार्षिक देखभाल शुल्काची मागणी होती, साडेअठरा हजार, कर वेगळा. ते भरल्याशिवाय खोली मिळणार नव्हती आणि खोली घेतली नाही तरी ते भरायचंच होतं. राजाभाऊंनी करार काढला. सतराव्या पानावर ते सगळं छापलेलं होतं.

"कसली देखभाल? आम्ही अजून तिथे पाऊलसुद्धा टाकलं नाही!" ते फोनवर ओरडले.

"म्हणूनच इतकी चांगली राहिलीय ना, सर," पलीकडचा म्हणाला.

शुल्क भरलं. मनाली मागितली, मे महिना. भरलेली. ऑक्टोबर. भरलेली. डिसेंबरात गोवा? "सर, तो लाल मोसम. तुमचं डायमंड निळ्या मोसमाचं आहे. पंधरा जून ते पंधरा सप्टेंबर."

"मग निळ्यात मनाली द्या."

"सगळं फुल्ल आहे, सर. एकच जागा शिल्लक आहे. एकदम सी-व्ह्यू."

"कुठे?"

"गणपतीपुळे."

राजाभाऊंनी फोन ठेवला. घरापासून गणपतीपुळे पंचवीस किलोमीटरवर होतं. पण या वर्षाचा आठवडा वापरला नाही तर तो बुडणार होता. एक लाख पंच्याऐंशी हजारांतला आठवडा पाण्यात जाऊ देणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

जुलैत, धो धो पावसात, दोन बॅगा घेऊन दोघं निघाली. नझीरभाईंनी गाडीतून सोडलं. आरे-वारेच्या वळणावर ते म्हणाले, "काय विसरलात तर फोन करा. अर्ध्या तासात आणून देतो."

रिसॉर्टमध्ये सी-व्ह्यू कुठे दिसेना. शेवटी रूमबॉयने न्हाणीघरात नेऊन स्टूल ठेवलं. त्यावर चढून झरोक्यातून मान वाकडी केली की समुद्राचा एक तुकडा दिसत होता. नाश्त्याचे पैसे वेगळे होते. एसीचे युनिटवर. राजाभाऊ दर तासाला मीटर बघून वहीत लिहीत होते. लीलाताई खिडकीशी बसून पाऊस बघत होत्या. एकदा त्या हळूच म्हणाल्या, "सात दिवस स्वयंपाक नाही, हे मात्र खरं हो." राजाभाऊंना ते टोमण्यासारखं वाटलं. टोमणा नव्हता तो.

चौथ्या दिवशी हॉलमध्ये सभासदांसाठी चहापान होतं. आत गेल्यावर राजाभाऊंना तेच फुगे दिसले आणि तीच घंटा. गोल टेबलांवर नवी जोडपी बसली होती. पुढच्याच टेबलावर पालीचे एक निवृत्त गुरुजी आणि त्यांच्या पत्नी यमुनाबाई होत्या. मनस्विनी त्यांना समजावत होती. गुरुजींच्या हातात पेन होतं.

सलिलने राजाभाऊंना ओळखलं आणि त्याचा चेहरा उजळला. "मंडळी, आपल्यात एक समाधानी सभासद आहेत. साहेब सरकारी निरीक्षक होते. एकेक कलम भिंगाने वाचून त्यांनी सभासदत्व घेतलंय. काका, दोन शब्द बोला ना."

माईक हातात आला. हीच वेळ होती. राजाभाऊंनी घसा खाकरला. समोर चाळीस माणसं बघत होती. आपण, मुळ्ये निरीक्षक, जिल्ह्यातल्या व्यापाऱ्यांना घाम फोडणारे, एका टायवाल्याकडून फसलो, हे त्यांच्याने सांगवेना.

"उत्तम आहे," ते म्हणाले. "विचार करून घेतलंय आम्ही."

गुरुजींनी मान डोलावली आणि पेनाचं टोपण काढलं.

राजाभाऊंना स्वतःची लाज वाटली, पण माईक त्यांनी खाली केला होता. तो लीलाताईंनी घेतला. जन्मात त्या कधी माईकवर बोलल्या नव्हत्या, त्यामुळे देवळात शेजारणीशी बोलावं तशा बोलल्या.

"नमस्कार. आम्ही इथलेच, रत्नागिरीचे."

मागे कोणीतरी हसलं.

"मला बर्फ बघायचा होता. तर इथे आलो. समुद्र दिसतो हो, नाही असं नाही. न्हाणीघरात स्टुलावर चढलं की दिसतो. माझ्या गुडघ्यामुळे मी नाही चढले, यांनी बघून सांगितलं. खोली छान आहे. या वर्षी फक्त साडेअठरा हजार भरले, पुढच्या वर्षी वाढणार म्हणाले. सतराव्या पानावर आहे ते. वाचायला वेळ लागतो, म्हणून आम्ही नंतर वाचलं."

 गुरुजींनी पेन ठेवलं आणि मनस्विनीला म्हणाले, "सतरावं पान दाखवा बघू."

मग सगळ्याच टेबलांवर पानं उलटायला लागली. पंधरा मिनिटांत हॉल रिकामा झाला. राहिले ते फुगे आणि सामोसे.

सलिलने दोघांना ऑफिसात नेलं. मुंबईला दोन फोन झाले. शेवटी तो थकलेल्या आवाजात म्हणाला, "काकू, थोडी कपात करून एक लाख साठ हजार परत देतो. इथे सही करा आणि कृपा करून अजून तीन दिवस कोणाशी बोलू नका."

"थांब!" राजाभाऊंनी भिंग काढलं. "इतक्या सहज पैसे परत करतायत? यात काहीतरी आहे. कागद घरी नेऊन वाचू."

"मुख्य सभासद कोण?" लीलाताईंनी विचारलं आणि सही करून टाकली. "पैसे जमा झाल्याचा मेसेज आल्याशिवाय मात्र आम्ही हलणार नाही हां."

दुसऱ्या दिवशी दुपारी मेसेज आला. सभासदत्व संपलं, म्हणजे खोलीही संपली. पण बाहेर पाऊस कोसळत होता आणि लीलाताईंना अजून दोन दिवस राहायचं होतं. राजाभाऊ काउंटरवर गेले. "सभासद नसलेल्यांना खोली कितीला?"

"पावसाळ्यात एका रात्रीचे सतराशे रुपये, सर. नाश्ता आणि एसी धरून."

राजाभाऊंनी मनात सातने गुणलं आणि जवळच्या खुर्चीवर बसले. मग दोन रात्रींचे पैसे भरले. पावती मिळाली, ती त्यांनी घडी करून खिशात घातली. आयुष्यात प्रथमच एक पावती त्यांनी न वाचता खिशात घातली होती. वाचून तरी काय मोठे दिवे लावले? लीलाताईंनी ते बघितलं आणि त्यांना नवऱ्याबद्दल एकदम माया वाटली. ते दोन दिवस फार छान गेले. राजाभाऊंनी मीटरकडे बघितलंसुद्धा नाही.

घरी आल्यावर लीलाताईंनी परत आलेल्या पैशांतून फेब्रुवारीतल्या मनालीची तिकिटं काढली. राजाभाऊ यायला तयार झाले. सगळं सुरळीत चाललं होतं.

खोलीचे पैसे भरल्यापासून सतराव्या दिवशी, बॅगेच्या तळाशी राहिलेला शर्ट भिजवायच्या आधी लीलाताईंनी त्याचा खिसा तपासला, तेव्हा ती पावती निघाली. त्यांनी ती उलटी केली. मागे बारीक अक्षरात छापलं होतं: 'या मुक्कामाबरोबर आपण क्लबाचे एका वर्षाचे विनामूल्य प्राथमिक सभासद झाला आहात. पंधरा दिवसांत लेखी नकार न कळवल्यास पुढील वर्षापासून देखभाल शुल्क लागू होईल.'

राजाभाऊंनी पावती भिंगाखाली धरली. "आपण नाही, मी झालोय गो. पावती माझ्या नावावर. मुख्य सभासद मीच."

"मग फोन लावा तुम्हीच."

त्यांनी फोन लावला. बराच वेळ गाणं वाजलं, मग एक तरुण बोलला. राजाभाऊंनी तक्रार सांगितली.

"सॉरी, सर. मुदत दोन दिवसांपूर्वी संपली. आता काही करता येणार नाही. नाव काय म्हणालात?"

"मुळ्ये. रत्नागिरी."

पलीकडे त्याने नाव टाइप केलं. मग दबक्या आवाजात प्रश्न आला, "सर, काकू आहेत का शेजारी?"

"आहे ना. देऊ?"

"नको! नको, सर, फोन देऊ नका. तुम्ही फक्त लाइनवर थांबा. एका मिनिटात रद्द करतो."